दहावीनंतर विज्ञान शाखा : शेतकरी कुटुंबांनी विषयांची निवड कशी करावी?

दहावीचा निकाल आणि भाताच्या रोपवाटिकेची तयारी या दोन्ही गोष्टी भिवंडी तालुक्यातील शेतकऱ्याच्या घरी साधारण एकाच सुमारास येतात. बियाणे निवडताना आपला शेतकरी सहसा चुकत नाही. उथळ व उताराच्या जमिनीत हळवे वाण, मध्यम जमिनीत निमगरवे आणि पाणी साठून राहणाऱ्या खोलगट खाचरात गरवे वाण घ्यावे, हे त्याला कोणी सांगावे लागत नाही. मात्र मुलगा किंवा मुलगी अकरावीला विज्ञान शाखेत जाणार असे ठरले की विषयांची निवड शेजाऱ्याच्या सांगण्यावरून, क्लासच्या जाहिरातीवरून किंवा मैत्रिणीने काय घेतले यावरून होते. वाणाची निवड चुकली तर एक हंगाम जातो. विषयाची निवड चुकली तर काही अभ्यासक्रमांचे दरवाजे बहुधा कायमचे बंद होतात.

पडघा, अंबाडी, वज्रेश्वरी या भागांत शेतकरी मेळाव्यासाठी गेल्यावर खोडकिडा आणि करपा यांच्याबरोबर हल्ली हा प्रश्नही हमखास विचारला जातो. "मॅडम, मुलीला शेतीच्याच शिक्षणाला घालायचे आहे, मग गणित कशाला घेऊ?" किंवा "मुलाला इंजिनिअर व्हायचे आहे, जीवशास्त्र सोडून दिले तर चालेल ना?" असे हे प्रश्न असतात. त्यांची उत्तरे या लेखात सविस्तर देण्याचा प्रयत्न केला आहे.

विज्ञान शाखेत कोणते विषय असतात?

राज्य मंडळाच्या अकरावी-बारावी विज्ञान शाखेत इंग्रजी, पर्यावरण शिक्षण व जलसुरक्षा आणि आरोग्य व शारीरिक शिक्षण हे विषय सर्वांना असतात. त्याखेरीज दुसरी भाषा किंवा तिच्याऐवजी माहिती तंत्रज्ञानासारखा विषय घेता येतो. खरी निवड असते ती भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित आणि जीवशास्त्र या चार विषयांची. भौतिकशास्त्र व रसायनशास्त्र बहुतेक सर्वच विद्यार्थी घेतात. त्यामुळे प्रश्न गणित आणि जीवशास्त्र यांच्यापुरता उरतो. त्यातून पुढील गट तयार होतात.

१) पीसीएम गट : भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित.
२) पीसीबी गट : भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र.
३) पीसीएमबी गट : वरील चारही विषय.
४) बायफोकल : भौतिकशास्त्र व रसायनशास्त्र, त्यांच्या जोडीला गणित किंवा जीवशास्त्र आणि २०० गुणांचा एक व्यवसाय विषय. हा विषय दुसरी भाषा व एक वैकल्पिक विषय यांच्या जागी येतो. इलेक्ट्रॉनिक्स, संगणकशास्त्र यांच्याप्रमाणे पीकशास्त्र हाही बायफोकल विषय आहे.

भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व जीवशास्त्र या प्रत्येक विषयाला ७० गुणांची लेखी आणि ३० गुणांची प्रात्यक्षिक परीक्षा असते. गणिताला ८० गुण लेखी व २० गुण इतर मूल्यमापनाचे असतात.

कोणत्या गटातून कोठे जाता येते?

प्रथम एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. बी.एस्सी. (ऑनर्स) कृषी या पदवीला पीसीएम आणि पीसीबी या दोन्ही गटांतील विद्यार्थी पात्र असतात. म्हणजे शेतीच्या शिक्षणासाठी जीवशास्त्रच हवे असे नाही, आणि गणित घेतल्यामुळे शेतीचा रस्ता बंद होतो असेही नाही. औषधनिर्माणशास्त्राचेही तसेच आहे. परंतु इतर अनेक अभ्यासक्रम एकाच गटाला खुले आहेत.

अ) गणित आवश्यक असलेले अभ्यासक्रम : अभियांत्रिकीच्या बहुतेक शाखा आणि कृषी अभियांत्रिकी. आपल्या कोकण कृषी विद्यापीठाचे (स्थापना १९७२) कृषी अभियांत्रिकी व तंत्रज्ञान महाविद्यालय दापोली येथे आहे. मृद व जलसंधारण, सिंचन, शेती अवजारे, काढणीनंतरची प्रक्रिया हे विषय तेथे शिकविले जातात. भिवंडीसारख्या यंत्रमागाच्या गावातील मुलांना वस्त्र तंत्रज्ञानाचेही आकर्षण असते. माटुंग्याच्या वीरमाता जिजाबाई तंत्रज्ञान संस्थेत तो अभ्यासक्रम आहे आणि त्यालाही गणित लागते.

ब) जीवशास्त्र आवश्यक असलेले अभ्यासक्रम : वैद्यकीय, पशुवैद्यकीय आणि मत्स्यशास्त्र. मुंबईचे पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ साली सुरू झाले. तेथील प्रवेशासाठी नीट ही परीक्षा द्यावी लागते. मत्स्यशास्त्राचे महाविद्यालय रत्नागिरीजवळ शिरगाव येथे आहे. खाडीकाठच्या कुटुंबांनी, ज्यांच्याकडे कोळंबी वा मत्स्यशेतीस योग्य जागा आहे त्यांनी, या अभ्यासक्रमाचा अवश्य विचार करावा.

क) पीसीएमबी घेतलेल्या विद्यार्थ्याला वरील दोन्ही वाटा खुल्या राहतात. मात्र अभ्यासाचा भार त्या प्रमाणात वाढतो.

शेतीला गणित कशाला?

याचे उत्तर आपल्या भातखाचरातच आहे. डॉ. एन. के. सावंत यांनी विकसित केलेली चारसूत्री भातलागवड कोकणातील बहुतेक शेतकऱ्यांना माहीत आहे. भाताचा पेंढा व तुसाची राख यांचा फेरवापर, गिरिपुष्पाचा हिरवा पाला, नियंत्रित लावणी आणि युरिया-डीएपी ब्रिकेट ही ती चार सूत्रे. विज्ञानाचे चारही विषय या एका पद्धतीत कसे येतात ते पाहू.

नियंत्रित लावणीत सुधारित दोरीवर १५ व २५ सेंटिमीटर असे आलटून पालटून अंतर ठेवतात. १५ सेंटिमीटरच्या चौकोनाच्या चार कोपऱ्यांवर चार चूड येतात व त्यांच्या मधोमध एक ब्रिकेट खोचली जाते. आता गणित मांडू. चार चुडांचा हा एक चौकोन दोन्ही बाजूंनी १५ अधिक २५, म्हणजे ४० सेंटिमीटर जागा व्यापतो. ०.४० गुणिले ०.४० म्हणजे ०.१६ चौरस मीटर. एका हेक्टरमध्ये १०,००० चौरस मीटर असतात. त्याला ०.१६ ने भागले की ६२,५०० ब्रिकेट हा आकडा येतो. एका ब्रिकेटचे वजन २.७ ग्रॅम धरले तर हेक्टरी सुमारे १६९ किलो, आणि गुंठ्याला सुमारे ६३२ ब्रिकेट म्हणजे १.७ किलो खत लागते. ज्याला हा हिशेब स्वतः मांडता येतो त्याला खत किती आणावे हे दुकानदाराला विचारावे लागत नाही. शिवाय लावणीच्या वेळी अंतर २० व ३० सेंटिमीटर झाले तर ब्रिकेटची संख्या ६२,५०० वरून ४०,००० वर येते आणि पिकाला ३६ टक्के खत कमी मिळते, हेही त्याच्या ताबडतोब लक्षात येते.

ब्रिकेट ७ ते १० सेंटिमीटर खोल का खोचायची, याचे उत्तर रसायनशास्त्र देते. युरियात ४६ टक्के नत्र असते. युरिया पाण्यावर फेकला तर त्यातील बरेच नत्र अमोनिया वायूच्या रूपाने उडून जाते. चिखलाच्या वरच्या पातळ थरात प्राणवायू असल्याने काही नत्राचे नायट्रेट होते व ते पाण्याबरोबर झिरपून किंवा वायुरूप होऊन वाया जाते. खोलवरच्या थरात प्राणवायू नसतो. तेथे नत्र अमोनियम स्वरूपात मातीच्या कणांना धरून राहते आणि मुळांना हळूहळू मिळत राहते.

गिरिपुष्प हे द्विदल कुळातील झाड असून त्याच्या मुळांवरील गाठींतील जिवाणू हवेतील नत्र स्थिर करतात, हे जीवशास्त्र झाले. राखेतील सिलिका शोषून भाताची पाने व खोड टणक होतात आणि रोप कीड-रोगाला अधिक तोंड देते, हेही जीवशास्त्रच. आणि वसई खाडीच्या काठच्या खार जमिनीत उन्हाळ्यात मीठ वर का येते? मातीच्या बारीक पोकळ्यांतून पाणी केशाकर्षणाने वर चढते, पाण्याची वाफ होते आणि क्षार पृष्ठभागावर राहतात. हा धडा भौतिकशास्त्राचा आहे. पनवेलच्या खार जमीन संशोधन केंद्राने पनवेल-१, पनवेल-२, पनवेल-३ यांसारखे क्षारसहनशील भाताचे वाण दिले, त्या कामात या सर्व शास्त्रांचा वाटा आहे.

तात्पर्य, शेती हे चारही विषय एकत्र येण्याचे ठिकाण आहे. त्यातला कोणताही विषय शेतकऱ्याच्या मुलाला परका नाही.

माझा अनुभव

मी स्वतः अकरावीला गणित सोडले होते. "शेतीकडे जायचे आहे ना, मग गणिताचे ओझे कशाला?" असा सल्ला मिळाला आणि मलाही तो बरा वाटला, कारण भूमितीची भीती होती. पुढे बारावीत असताना गावात पाणलोटाचे काम सुरू झाले. बांधबंदिस्ती, उतार मोजणे, पाण्याचा हिशेब हे सर्व पाहून कृषी अभियांत्रिकीला जावे असे मनापासून वाटू लागले. चौकशी केली तेव्हा कळले की गणित नसल्याने अर्जच करता येणार नाही. कृषी पदवीला प्रवेश घेतला आणि त्या शिक्षणाने मला पुष्कळ दिले, याबद्दल तक्रार नाही. पण तो एक दरवाजा मी पंधराव्या वर्षी, न पाहताच, स्वतःच्या हाताने लावून घेतला होता.

गणिताने पुढेही पाठ सोडली नाही. पदव्युत्तर शिक्षणात खताच्या प्रयोगाची आखणी करताना भूखंडांची मांडणी, पुनरावृत्ती आणि आकडेवारीचे पृथक्करण समजून घेण्यासाठी मला पीसीएम गटातून आलेल्या मैत्रिणीकडे कित्येक रात्री बसावे लागले. तिची अडचण उलटी होती. तिला फुलाचे भाग व किडीच्या अवस्था नव्याने शिकाव्या लागल्या होत्या. कृषी शिक्षणाने ही उणीव ओळखलेली आहे. भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या पाचव्या अधिष्ठाता समितीच्या अभ्यासक्रमात गणित न शिकलेल्यांसाठी प्राथमिक गणित आणि जीवशास्त्र न शिकलेल्यांसाठी प्रास्ताविक जीवशास्त्र असे विषय पदवीच्या सुरुवातीलाच ठेवण्यात आले. म्हणजे ज्ञानातील उणीव कष्टाने भरून काढता येते, परंतु प्रवेशाची पात्रता तशी भरून निघत नाही. विषय सोडताना हा फरक ध्यानात ठेवावा.

मग चारही विषय सर्वांनी घ्यावेत काय?

नाही. जमीन पाहून वाण, तसे विद्यार्थी पाहून विषय. निर्णय घेण्यापूर्वी पुढील गोष्टी तपासाव्यात.

१) दहावीच्या एकूण टक्केवारीवर जाऊ नये. मंडळ सर्वोत्तम पाच विषयांची टक्केवारी काढते. त्यामुळे ८० टक्क्यांच्या आड गणितातील कमी गुण झाकले जाऊ शकतात. गुणपत्रिकेत गणित व विज्ञान यांचे गुण वेगळे पाहावेत. त्यांतही २० गुण अंतर्गत मूल्यमापनाचे व प्रात्यक्षिकाचे असतात, म्हणून ८० गुणांच्या लेखी परीक्षेत किती मिळाले ते पाहावे.

२) प्रवेशापूर्वी पंधरा दिवस चाचणी घ्यावी. बालभारतीची अकरावीची पुस्तके मिळवून गणिताचे व जीवशास्त्राचे एकेक प्रकरण विद्यार्थ्याने स्वतः वाचावे व त्यावरील प्रश्न सोडवावेत. बियाण्याची उगवणक्षमता आपण ओल्या गोणपाटात तपासतो, तसाच हा प्रकार आहे. कोणता विषय उगवतो ते लगेच कळते.

३) ज्याला दोन्ही विषय बऱ्यापैकी जमतात, पण पुढे काय करायचे हे ठरलेले नाही, त्याने चारही विषय घ्यावेत. ज्याचे पशुवैद्यकीय किंवा अभियांत्रिकी असे निश्चित ठरले आहे, त्याने आपला गट घेऊन पूर्ण लक्ष त्यावर द्यावे. ज्याला गणित प्रयत्न करूनही जमत नाही, त्याने संकोच न बाळगता ते सोडावे. केवळ भीतीपोटी किंवा कोणी सांगितले म्हणून मात्र सोडू नये.

४) पीकशास्त्र बायफोकल घेणाऱ्याला शेतीची प्रत्यक्ष ओळख लवकर होते. परंतु त्यासाठी गणित किंवा जीवशास्त्र यांपैकी एक सोडावे लागते. कोणते सोडले म्हणजे कोणती वाट बंद होईल ते वर दिलेल्या माहितीवरून आधी पाहावे.

प्रवेश परीक्षेबाबत

कृषी पदवीचे प्रवेश एमएचटी-सीईटी या परीक्षेच्या आधारे होतात. पीसीएम व पीसीबी गटांची परीक्षा स्वतंत्र असते. प्रत्येक गट २०० गुणांचा असून भौतिकशास्त्र व रसायनशास्त्र मिळून १०० गुण आणि गणित किंवा जीवशास्त्र १०० गुण अशी विभागणी असते. चुकीच्या उत्तरास गुण वजा होत नाहीत. सुमारे २० टक्के भाग अकरावीच्या व ८० टक्के भाग बारावीच्या अभ्यासक्रमावर असतो. म्हणून अकरावी हे विश्रांतीचे वर्ष समजू नये.

सातबारा उतारा व शेतजमीनधारक असल्याचा दाखला वेळेवर काढून ठेवावा. शेतकरी कुटुंबातील विद्यार्थ्यांना कृषी प्रवेशाच्या गुणवत्ता यादीत त्याचा अधिभार मिळतो. नेमके नियम त्या वर्षीच्या माहिती पुस्तिकेत वाचावेत. मुलींच्या पालकांनी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. राज्य शासनाने २०२४-२५ पासून आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील, वार्षिक ८ लाख रुपयांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क माफ केले आहे. फी परवडणार नाही म्हणून मुलीची विज्ञान शाखा नाकारण्याचे कारण आता पुष्कळ अंशी उरलेले नाही.

महाविद्यालय निवडताना

अकरावीचे प्रवेश २०२५-२६ पासून संपूर्ण राज्यात ऑनलाइन पद्धतीने होऊ लागले. भिवंडी परिसराला ही पद्धत त्याआधीपासूनच परिचित आहे. अर्जात महाविद्यालयांचा पसंतीक्रम द्यावा लागतो. पहिल्या पसंतीचे महाविद्यालय मिळाल्यास ते घ्यावेच लागते, नाहीतर पुढील नियमित फेऱ्यांतून बाद व्हावे लागते. म्हणून पहिले नाव विचारपूर्वक लिहावे आणि तेथे आपल्याला हवा तो विषय शिकविला जातो काय याची खात्री आधी करावी.

प्रयोगशाळा प्रत्यक्ष पाहावी. ३० गुणांचे प्रात्यक्षिक केवळ वही पूर्ण करून येत नाही. महाविद्यालयात नुसते नाव ठेवून दिवसभर क्लासला बसण्याच्या पद्धतीपासून दूर राहणे चांगले. अशा क्लासच्या फीसाठी काही पालक जमिनीचा तुकडा विकायला निघतात. महामार्गालगत मानकोली, पूर्णा, राहनाळ, वळ या गावांच्या शिवारात गोदामांमुळे जमिनीला गिऱ्हाईक लगेच मिळते, पण विकलेले खाचर परत येत नाही. क्लास हे पूरक खत आहे. जमिनीत सेंद्रिय पदार्थ नसेल तर नुसत्या खताने पीक येत नाही.

प्रवासाचाही विचार व्हावा. वज्रेश्वरी किंवा दुगाडच्या बाजूने रोज ठाण्याला जाणाऱ्या विद्यार्थ्याचे दिवसाचे कित्येक तास रस्त्यावर जातात. चांगली प्रयोगशाळा असलेले जवळचे महाविद्यालय अशा वेळी अधिक उपयोगी पडते. ग्रामीण भागातील मुलींना बारावीपर्यंत एस.टी.चा मोफत पास मिळतो, त्याचा लाभ घ्यावा.

मराठी माध्यमातील मुलांसाठी

जिल्हा परिषदेच्या व मराठी शाळांतील मुलांना अकरावीत खरा धक्का बसतो तो भाषेचा. विज्ञानाची पुस्तके इंग्रजीत असतात. हुशार मूल पहिल्या चाचणीत मागे पडते आणि आपल्याला विज्ञान जमत नाही असे समजू लागते. यावर उपाय सोपा आहे. प्रत्येक विषयासाठी एक शब्दवही करावी. डाव्या बाजूस इंग्रजी संज्ञा व उजव्या बाजूस दहावीपर्यंत शिकलेला मराठी शब्द लिहावा. रोज दहा शब्द लिहिले तरी दिवाळीपर्यंत हजाराच्या आसपास शब्द होतात. पालकांनी पहिल्या सहामाहीतील गुणांवरून घाईने निष्कर्ष काढू नये. लावणीनंतर रोप आठ-दहा दिवस पिवळे दिसते, म्हणून आपण ते उपटून टाकत नाही.

विज्ञानाची आवड नसलेल्या मुलावर ही शाखा लादू नये. दहावीनंतर कृषी तंत्र निकेतनातील पदविका किंवा अभियांत्रिकी पदविका हे चांगले मार्ग आहेत.

थोडक्यात

विषयांची यादी घेऊन घरात एकदा सर्वांनी बसावे. मुलाला किंवा मुलीला प्रथम बोलू द्यावे. प्रत्येक विषयापुढे तो घेतला तर कोणती वाट उघडते आणि सोडला तर कोणती बंद होते ते लिहावे. शंका असल्यास शाळेतील विज्ञान शिक्षक, तालुका कृषी अधिकारी कार्यालय किंवा जवळच्या कृषी संशोधन केंद्रातील शास्त्रज्ञ यांना विचारावे. एवढे करून घेतलेला निर्णय पुढे कठीण गेला तरी तो आपला असतो आणि मूल तो निभावून नेते. राबाची जागा निवडायला आपण जितका विचार करतो, निदान तितका विचार या निवडीसाठी प्रत्येक शेतकरी कुटुंबाने करावा, ही विनंती.